किलोला पाच दाणे

पोळी सोडणं अवघड नाही. ती ताटात दिसते, आणि तिसऱ्यांदा नको म्हटलं की वाढणारा हात पुढे सरकतो. शिवाय भाकरीवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या जगल्या आहेत. सीलियाक हा आजार असलेल्या आमच्यासारख्या माणसाला छळते ती न दिसणारी पोळी. ती तव्याला चिकटलेली असते, चाळणीच्या जाळीत अडकलेली असते, नाहीतर हिंगाच्या डबीत वेष पालटून बसलेली असते.

आधी हिशोब मांडू. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, rye) या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आमची प्रतिकारशक्ती आमच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. अन्न शोषून घेणारे तिथले सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं लोह, कॅल्शियम वगैरे पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेता निघून जातं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात दिसलं. १० मिलिग्रॅमच्या आत बहुतेकांचं निभावतं असं मानतात. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर तिच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे आमचा दिवसाचा कोटा झाला पोळीचा अडीचशेवा भाग. इतका बारीक तुकडा कुणाला मोडता येत नाही, पण सांडता सगळ्यांना येतो.

हे नातेवाइकांना समजावणं हा स्वतंत्र आजार आहे. ‘गहू चालत नाही’ म्हटल्यावर पहिलं उत्तर येतं, ‘बरं केलंस, मैदा वाईटच.’ दुसरं येतं, ‘मग रव्याचं काहीतरी करते.’ रव्याचं कुठेतरी वेगळं झाड असावं अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. शेवया, लापशी, कुरडया ही त्याच झाडाची फळं. सातूच्या पिठातही भाजलेला गहू असतो. हल्ली यात खपलीची भर पडली आहे. खपली जुनी आहे, देशी आहे, तिची खीर उत्तम होते, सगळं मान्य. पण खपली हा गहूच आहे आणि तिच्यात ग्लूटेन आहे. दुकानदार ‘पचायला हलकी’ म्हणत असेल तर त्याने ती खुशाल पचवावी.

‘आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही’ हे विधान तर छापूनच ठेवावं. होतं. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी १८८८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं होतं. गुन्हेगार सापडायला मात्र दुसरं महायुद्ध यावं लागलं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा सगळा देश उपाशी असताना हा आजार असलेली मुलं मात्र सुधारली. विलेम-कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावरचा जुना संशय त्यामुळे बळावला. आणि एक सूचना, जी विनोदी नाही. कुणाच्या सांगण्यावरून गहू आधीच सोडून मग टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी केलीत तर ती खोटीच ‘सगळं ठीक’ म्हणू शकते. आधी तपासणी, मग भाकरी.

आता फोडणी. बाजारातलं बांधणी हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ. हे पीठ बहुधा गव्हाचं असतं. डबीच्या मागे ते छापलेलं असतं, पण हिंगाची डबी भिंग लावून वाचणारी माणसं फक्त आमच्या जातकुळीची. खडा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, कारण खडाही बांधणीचा असू शकतो. तांदळाच्या पिठात बांधलेलं हिंग मिळतं, ते घ्यावं. चिमटीत किती ग्लूटेन येणार, हा प्रश्न रास्त आहे. माणशी थोडंच येतं. पण वरणाला हिंग, भाजीला हिंग, लोणच्याला हिंग, पापडात हिंग, आणि पोट बिघडलंय म्हणून वर ताकात हिंग! तीच गत मेतकुटाची. डाळी, तांदूळ, मेथी यांच्याबरोबर त्यात मूठभर भाजलेला गहूही दळलेला असतो. म्हणजे पोट बिघडलेल्याला पथ्य म्हणून आपण जो मऊ भात आणि मेतकूट देतो, त्यातला भात तेवढा आमचा.

तरीही माझ्या मते सगळ्यात मोठा खलनायक म्हणजे गिरणी. ज्वारी निर्दोष, बाजरी निर्दोष, नाचणी तर साध्वी. पण दळून आल्यावर तिघींचंही चारित्र्य सांगता येत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ दगडांच्या खाचांत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत बसलेलं असतं, ते पुढच्या दळणात उतरतं. ते फक्त मूठभर, ५० ग्रॅम धरू. त्यात साडेचार ग्रॅम ग्लूटेन. तुमची ज्वारी पाच किलो असेल तर किलोमागे ९०० मिलिग्रॅम झालं. ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायला कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमचीच मुभा आहे. गिरणीवाला सज्जन असतो. तो ‘आधी किलोभर तांदूळ फिरवून घेतो’ म्हणतो. त्याने प्रमाण कमी होतं, पण किती कमी झालं ते गिरणीलाही माहीत नसतं. हवेत तरंगणारं पीठ तर तांदूळ फिरवून जातच नाही. गिरणीवाल्याच्या भुवया पाहाव्यात, म्हणजे पटतं.

म्हणून घरघंटी. ती नवीच घ्यायची, कुणाची वापरलेली नाही. तिच्यात गव्हाचा एक दाणाही जाता कामा नये. आणि एवढं जाहीर वैर पत्करायची तयारी ठेवायची की शेजारच्या काकूंना ‘दोनच किलो गहू’ दळून मिळणार नाहीत.

घरघंटी आली तरी धान्य निवडावं लागतंच. दुकानात एकच माप ज्वारीच्या पोत्यात जातं आणि गव्हाच्याही. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन सुमारे ४ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत पाच दाणे गहू राहिला की २० ची रेघ गाठली, सहाव्याला ओलांडली. बाजरीचं सोपं आहे. योग्य भोकांच्या चाळणीतून बाजरी खाली पडते आणि गहू वर राहतो. ज्वारी मात्र पसरट ताटात, उजेडात, मूठमूठ घेऊन डोळ्यांनीच निवडायची. मग धुऊन कडकडीत वाळवायची, म्हणजे पोत्यातली पिठाची धूळ जाते. दमट राहिली तर घरघंटी कुरकुरते आणि पीठ लवकर कडू होतं. टीव्ही पाहत निवडू नये. सहावा दाणा नेमका मालिकेतल्या लग्नात निसटतो.

घरातले बाकीचे पोळी खात असतील तर स्वयंपाकघराची फाळणी अटळ. ज्यांनी आजीचं सोवळं पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. फरक इतकाच की तिचं सोवळं माणसांविरुद्ध होतं आणि आमचं पिठाविरुद्ध. त्यामुळे आमचं जरा तरी समर्थनीय आहे. लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी आणि ओरखडे गेलेला नॉनस्टिक तवा कधीच शुद्ध होत नाहीत, ते वेगळेच हवेत. स्टीलची परात घासून चालते. ‘तवा तापवला की सगळं जळून जातं’ असं सांगणारे भेटतील. आगीत जंतू मरतात. ग्लूटेन जंतू नाही, त्यामुळे त्याला मरण नाही. सॅनिटायझरला तर ते हसतं. साबण, पाणी आणि मनगट एवढाच उपाय, तोही वेगळ्या घासणीने, कारण कणकेची परात घासलेली घासणी कणीक पुढच्या भांड्याला लावते. आमचे डबे वरच्या फळीवर, गव्हाचे खालच्या, कारण पीठ वर चढत नाही. तूप, लोणी, चटणी यांची बरणी स्वतंत्र. पोळीवर तूप लावून चमचा परत बरणीत घालणारा माणूस प्रत्येक घरात असतो आणि तो कधीच कबूल होत नाही. आधी भाकरी, मग पोळी हा क्रम मोडायचा नाही. कणीक मळलेल्या हाताने भाकरी थापायची असेल तर आधी अंगठी काढून, नखांतून हात धुवायचे.

बाहेर खाण्याबद्दल थोडक्यात. वेटरला ‘ग्लूटेन आहे का’ विचारू नये. तो प्रेमाने ‘टाकायला सांगू का?’ म्हणेल. विचारायचं ते असं: डोशाच्या पिठात रवा किंवा मैदा घालता का? मासा रव्यात घोळवता की नुसत्या तांदळाच्या पिठात? वडे तळता त्याच कढईत समोसे तळता का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा अभिमानाने ‘हो’ येतं. सोलकढी आणि भात यांवर विश्वास टाकावा, सोया सॉसवर टाकू नये.

सत्यनारायणाचा प्रसाद हे खरं धर्मसंकट. सव्वाच्या मापात रवा, सव्वाच्या मापात तूप, आणि नको म्हणावं तर कथेतल्या व्यापाऱ्याची नौका सगळ्यांना आठवते. यजमानांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं आणि नैवेद्यातलं केळं मागून घ्यावं. ते सालीसकट असतं, त्यात कुणाचा चमचा गेलेला नसतो. गोव्यातल्या कॅथलिक सीलियाकवाल्यांची अडचण याहून पक्की आहे. मिस्सेतली होस्ती, म्हणजे प्रसादासारखी दिली जाणारी पातळ चकती, गव्हाचीच हवी, पूर्ण ग्लूटेनमुक्त चालत नाही, असं व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा बजावलं. अत्यल्प ग्लूटेनची मात्र चालते, किंवा नुसती वाइन घेता येते. तिथेही घोडं मिलिग्रॅमवरच अडतं.

आमचा खरा सण म्हणजे एकादशी. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, वर हिंगाला मज्जाव! सगळं घर उपवास करतं तेव्हा आम्ही चारी ठाव जेवतो. तरी गिरणीतून दळून आणलेली उपवासाची भाजणी टाळावी, तिने उपवासही मोडतो आणि पोटही.

दिवाळीला शंकरपाळी तांदूळ-ज्वारीच्या पिठाची करता येतात, पण त्यांना धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून तेलात सोडताच विरतात. वाटीभर पिठाला वाटीभर उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकावं, चमचाभर इसबगोल घालून कोमट असतानाच मळावं, आणि पातळ लाटण्याचा हट्ट सोडावा. कढईत आधी आमचं तळायचं: चकली, मग ही शंकरपाळी, मग अनारसे. नंतर करंज्या आणि मैद्याचं काय ते. त्यानंतर उरलेलं तेल पोळीवाल्यांच्या भाज्यांना. आणि झारा वेगळा.