धक्का बांधताय, तर छोट्या होडीसाठी नीट उतारही बांधा

कोकणात एखाद्या गावाला नवा धक्का मंजूर झाला की सगळ्यांना आनंद होतो, मलाही होतो. पण हे धक्के बहुतेकदा मोठ्या बोटींच्या मापाचे असतात. ओहोटी लागली की छोटी होडी धक्क्याच्या पार खाली जाते आणि मासळीची एकेक पाटी दोरीने वर ओढावी लागते. दोघा-तिघांच्या होडीला लागतो तो पाण्यात शिरणारा उतार, म्हणजे रॅम्प. तो कुठे नसतोच, कुठे असून नसल्यासारखा.

आमच्याकडचा रॅम्प अर्ध्यातच संपतो. भरतीला ठीक चालतं, ओहोटीला त्याच्या टोकापुढे नुसता चिखल. शिवाय काँक्रीट गुळगुळीत. रोज भरतीचं पाणी चढतं तिथवर शेवाळ धरतं, कडेला कालवं चिकटतात. अनवाणी माणूस होडीला खांदा लावतो आणि पाय सटकला की तळवा चिरलाच म्हणून समजा. काँक्रीट ओलं असतानाच तिरक्या खाचा पाडल्या असत्या तर पायाला आधार मिळाला असता, पाणीही निथळलं असतं. खर्च किती वाढला असता त्याने?

होडी चढवणं बघायला सोपं वाटतं. पाणी उथळ व्हायच्या आत इंजिन वर उचलायचं, नाहीतर पंखा काँक्रीटवर आपटतो. मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर घेऊन खाली ओंडके सरकवायचे. मागचा ओंडका सुटला की तो धावत पुढे आणून लावायचा आणि सगळ्यांनी एका दमात रेटायचं. ओंडके न घेता फायबरची होडी तशीच ओढली तर बुडाचा वरचा थर खरवडतो आणि आत पाणी मुरतं. वर आली की बूच काढून आतलं पाणी सोडायचं. उतरवताना तेच बूच आधी तपासायचं, आणि जाळी, बर्फ, डिझेल हे ओझं होडी तरंगल्यावरच भरायचं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्याआधी, मे संपताना, सगळ्यांनाच होड्या वर घेऊन झापांनी शाकारायच्या असतात. एकच अरुंद रॅम्प असला की भरतीची वेळ गाठायला रांग लागते, चिडचिड होते, भांडणंही होतात.

तुमच्या गावात धक्क्याचं काम निघणार असेल तर ग्रामसभेत एवढं तरी विचारा: रॅम्पचं खालचं टोक कुठवर जाणार? आणि मोजमाप अमावस्या-पौर्णिमेच्या पूर्ण ओहोटीला, मच्छीमारांना सोबत घेऊनच करायला लावा.