खुलासा : प्ले स्टोअरवर टाकलेलं खाजगी अ‍ॅप सगळ्या जगाला दिसत नाही

‘कंपनीचं अंतर्गत अ‍ॅप प्ले स्टोअरवर टाकलं की कोणीही ते डाउनलोड करू शकतं, म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइड अ‍ॅप थेट फोनमध्ये बसवायची फाइल) व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवा’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि धोकादायकही.

गूगलच्या ‘मॅनेज्ड गूगल प्ले’मध्ये, म्हणजे संस्थांसाठीच्या प्ले स्टोअरमध्ये, खाजगी अ‍ॅपची सोय आहे. असं अ‍ॅप ठरवून दिलेल्या संस्थेच्या खात्यांनाच मिळतं; बाकीच्यांना ते शोधूनही सापडत नाही. संस्थेच्या मोबाइल व्यवस्थापन प्रणालीतून (कर्मचाऱ्यांचे फोन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) अपलोड केलं तर डेव्हलपर नोंदणीचं 25 डॉलर शुल्कही लागत नाही. मात्र या मार्गाने टाकलेलं अ‍ॅप पुढे कधीच सार्वजनिक करता येत नाही. तसं करायचं झालं तर नव्या पॅकेज नावाने (प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपच्या स्वतंत्र ओळखनावाने) नवं अ‍ॅप प्रकाशित करावं लागतं. हे सुरुवातीलाच ठरवा. नंतर सगळ्या कर्मचाऱ्यांना पुन्हा नवं अ‍ॅप घ्यायला लावणं फार त्रासाचं होतं.

अ‍ॅपलकडे यासाठी ‘कस्टम अ‍ॅप’ आहे, ते अ‍ॅपलच्या कंपन्यांसाठी असलेल्या सेवेतून वाटलं जातं. खाजगी असलं तरी अ‍ॅपलची तपासणी त्यालाही चुकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके वाटताना कर्मचाऱ्याला फोनमधली अनोळखी अ‍ॅप रोखणारी सेटिंग सैल करावी लागते. बनावट बँक अ‍ॅप आणि खोट्या ई-चलानाच्या फाइल पाठवणारे भामटे नेमकं हेच करायला सांगतात. ती सवय आपणच आपल्या माणसांना लावू नये. शिवाय अशा फाइलला आपोआप अपडेट मिळत नाही, म्हणजे सापडलेली त्रुटी आधीच अ‍ॅप घेतलेल्या फोनमध्ये तशीच राहते.