‘जितकं वय तितके चमचे’ हा मेसेज चुकीचा आहे

‘लेकराला ताप आला की जितकं वय तितके चमचे पॅरासिटामॉल द्या’ असा मेसेज सेलू-जिंतूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मी मेडिकल चालवतो, म्हणून सांगतो: हा हिशोब धोक्याचा आहे.

डोस वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या लेकराला १२० ते १८०. आता बाटली बघा. माझ्याच फळीवर एकीवर ५ मिलीत १२० लिहिलंय, शेजारचीवर ५ मिलीत २५०, अन् ड्रॉप्सच्या इवल्याशा बाटलीत १ मिलीतच १००. तीन वर्षांच्या त्याच लेकराला २५० वाल्याचे तीन चमचे म्हणजे ७५० मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त! हे लिव्हरवर जातं, अन् पहिल्या दिवशी बहुतेकदा काही कळतही नाही.

दोन डोसांत ४ ते ६ तास, दिवसरात्रीत चारच्या वर नाही. सर्दीच्या काही सिरपांतही हेच औषध असतं, तेही धरा. घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप घ्या. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर थेट डॉक्टर.

जास्त गेलंच असेल तर वाट न बघता बाटली घेऊन दवाखाना गाठा. तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.