गाडीला हूल

अठ्ठावीस वर्षं मी मोटारसायकल चालवतोय आणि या अठ्ठावीस वर्षांत वळण घेताना माझं कधी काही अडलं नव्हतं. वळण यायचं, गाडी वळायची, आणि मी गाडीवरच बसलेला असल्यामुळे मीही वळायचो. मग गेल्या महिन्यात भाचा राहायला आला.

ओंकार पुण्याला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्ञान तर झालंय, पण ते कुठे काढायचं आणि कुठे झाकून ठेवायचं हे कळत नाही, असं ते वय. रविवारचं जेवण झालं होतं, मी दिवाणावर कलंडायच्या बेतात होतो.

"मामा, एक सांग. गाडी डावीकडे वळवायची असेल तर तू काय करतोस?"

"इंडिकेटर देतो," मी म्हणालो. हे धादांत खोटं होतं, पण भाच्यासमोर काही आदर्श ठेवावे लागतात.

"ते सोड. हँडल कुठे वळवतोस?"

"डावीकडे."

"चूक. आधी उजवीकडे वळवतोस."

मी उठून बसलो. बसावंच लागलं. "अरे, गाडी माझी, हात माझे, आणि मला माहीत नाही?"

"तुला नाही. हातांना माहितीय."

एवढं बोलून तो आत गेला आणि जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू घेऊन आला. दांडा तळहातावर उभा केला आणि घरभर दोन पावलं इकडे, दोन तिकडे करत तोल सांभाळत राहिला. "आता हा मला डावीकडे न्यायचाय. हात सरळ डावीकडे नेला तर काय होईल?" त्याने नेला. वरचं टोक मागे राहिलं आणि झाडू उजवीकडे टीव्हीवर आदळला. "म्हणून हात आधी जरासा उजवीकडे. झाडू डावीकडे कलला की मग त्याच्या मागोमाग डावीकडे." या वेळी झाडू शहाण्यासारखा गेला. "तळहात म्हणजे चाकं, आणि झाडू म्हणजे तू. वेगात वळायचं तर आत कलायला हवं, नाहीतर बाहेर फेकला जाशील. आणि कलायचं तर चाकं आधी उलट्या बाजूला सरकायला हवीत. एकदा कललास की पुढचं चाक आपणहून डावीकडे वळतं. हे सगळं इतकं पटकन होतं की चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "लक्ष्मी आहे ती. तिला उलटी काय नाचवतोस?"

"पण मी तर अंग झुकवून वळतो," मी शेवटचा बुरूज लढवला. तोही पडला. कीथ कोड नावाच्या एका अमेरिकन प्रशिक्षकाने म्हणे एका मोटारसायकलला दुसरं, न फिरणारं हँडल थेट चासीला जोडलं. ते धरून लोकांनी अंग हवं तेवढं झुकवून पाहिलं, गाडी जेमतेम रेंगाळत बाजूला गेली, नेमकी हवी तशी काही वळेना.

मी शाळेत असताना कबड्डी खेळायचो. त्यामुळे मला ते माझ्या भाषेत कळलं. चढाई करणारा उजव्या कोपऱ्यावर जातोय असं दाखवतो, कोपरा मागे सरतो, आणि गडी डावीकडे पाय मारून मोकळा होतो. "म्हणजे हूल," मी म्हणालो. "गाडीला हूल द्यायची."

"आम्ही काउंटरस्टिअरिंग म्हणतो."

"तुम्ही म्हणा."

मग त्याने मला विल्बर राइटचा दाखला दिला. विमानवाल्या राइट बंधूंपैकी थोरला. १९०३ साली विमान उडवण्याआधी या भावांचं अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलचं दुकान होतं. या विल्बरने डझनावारी सायकलस्वारांना विचारलं होतं, बाबांनो, डावीकडे कसे वळता? बहुतेक सगळ्यांनी माझंच उत्तर दिलं. मला जरा बरं वाटलं. चुकलेल्यांची परंपरा एवढी जुनी असली की चूकही घराण्याची वाटते.

संध्याकाळी हायवेच्या सर्व्हिस रोडवर गेलो. रस्ता रिकामा. ताशी चाळीसचा वेग, हात सैल. डाव्या मुठीला तळहाताने हलकेच पुढे ढकललं. डावी मूठ पुढे म्हणजे हँडल उजवीकडे, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. गाडी डावीकडे गेली! उजवी मूठ ढकलली. गाडी उजवीकडे. मी थांबलो, गाडी स्टँडला लावली आणि कठड्यावर बसलो. साहेबाला निवृत्तीच्या तोंडावर कळावं की इतकी वर्षं सगळ्या फायली कारकूनच निकाली काढत होता आणि आपण नुसत्या सह्या ठोकत होतो, तसं झालं. एवढंच करून गप्प राहायला हवं होतं. पण सोमवारपासून मी त्या कारकुनाच्या कामात लक्ष घालायला लागलो.

वळण दिसलं की मी मनात म्हणायचो: डावं वळण, डावी मूठ, पुढे ढकल. हे म्हणून होईपर्यंत वळण निघून गेलेलं असायचं. साताऱ्यात राजवाड्याजवळ एका वळणावर मी सरळ गेलो आणि एका भाजीवालीच्या पाटीसमोर थांबलो. नाइलाजाने अर्धा किलो वांगी घेतली. घरी कोणीही वांगी खात नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे तीनदा वांगी आली.

मग गुरुवार. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातून आत येताना डावीकडे वळायचं असतं. वेग माणूस चालेल एवढा. मी पूर्ण आत्मविश्वासाने डावी मूठ पुढे ढकलली. हँडल उजवीकडे गेलं, आणि गाडी माझ्यासकट डावीकडे आडवी झाली. गाडी दीडशे किलोची, लेगगार्ड होतं म्हणून पाय वाचला. वॉचमन धावत आला. "साहेब, हँडल उलटं फिरवलंत."

"मुद्दाम," मी खालून म्हणालो.

ओंकारला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सिद्धांत बरोबरच होता, डावीकडेच पडलास ना! फक्त वेग नव्हता. एवढ्या हळू चालताना हँडल सरळ जिकडे वळायचं तिकडेच फिरवायचं, क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक जरा धरून." तेव्हा मला लायसन्सची परीक्षा आठवली. आठचा आकडा काढायला लावला होता, पाय न टेकता. म्हणजे सरकारने माझी परीक्षा घेतली ती नेमकी ज्या वेगात हूल लागत नाही त्या वेगात. हूल कुणी विचारलीच नाही. विचारली असती तर मी आजवर सायकलवर असतो.

"मग चालत्या गाडीचा तोल राहतो कसा? ते गिरकी घेणाऱ्या चाकांमुळेच ना?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं. १९७० साली डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून ती गिरकी रद्द केली, तरी त्याला सायकल चालवता आली. २०११ साली तर संशोधकांनी अशी सायकल दाखवली जिच्यात गिरकी रद्द होती आणि पुढच्या चाकाची ती आपोआप सरळ होण्याची करामतही काढून टाकली होती. ढकलून सोडली तर तीही आपला तोल सावरत गेली. तिच्यावर माणूस बसलेला नव्हता, हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

शनिवारी आईला सज्जनगडावर न्यायचं ठरलेलं होतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. पदरावरून हेल्मेट घालते आणि डावीकडे पाय सोडून एका अंगाला बसते. बोगदा ओलांडला आणि मी मनात कोष्टक मांडत निघालो. ओंकारने सूत्र लिहून दिलं होतं: गाडी किती कलते ते वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं. ताशी ३६ च्या वेगाने २५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर सुमारे २२ अंश. तेच ५४ ने घेतलं तर त्रेचाळीसच्या आसपास. वजन सूत्रातून कटतं. आयुष्यात प्रथमच एक गणित भेटलं ज्यात माझं वजन धरत नाहीत.

पण आई धरावीच लागते. वळणावर गाडी डावीकडे कलली की आई "सावरायला" उजवीकडे रेलते, म्हणजे पाठीवर. मागचं वजन बाहेर गेलं की तेवढ्याच वळणाला गाडी आणखी आत कलवावी लागते. गाडी आणखी कलली की आई आणखी रेलते. दोघी एकमेकींना सावरत होत्या आणि मी मध्ये.

गजवडी सोडून वर चढणाऱ्या रस्त्याला लागलो. डावीकडे वळण, त्यावर बारीक खडी सांडलेली, आणि समोरून वडापची जीप. जीप आपल्या बाजूने व्यवस्थित येत होती. मी मात्र डावी मूठ की उजवी, याचा विचार करत होतो, आणि गाडी हळूहळू मध्यरेषेकडे सरकत होती. जिथे जायचं तिथे बघावं, असं ओंकार म्हणाला होता. नजर खड्ड्यावर गेली की गाडी खड्ड्यातच जाते, हे तर सगळ्यांनाच माहीत. माझी नजर जीपच्या बंपरवर होती. तिथे लिंबू-मिरच्या लोंबत होत्या आणि वर लिहिलं होतं, "आईवडिलांचा आशीर्वाद". गाडी आशीर्वादाकडे निघाली.

"अरे," मागून आई म्हणाली, तिचं तोंड दरीकडे, तिला जीप दिसतच नव्हती, "निघताना गॅस बंद केलास का?"

गॅस! दूध उतरवलं, मग चहा, मग बर्नरची डावी कळ की उजवी... एवढ्यात वळण संपलं होतं. जीप गेली होती. गाडी खडी टाळून कडेने, सुतासारखी आत वळून सरळ झाली होती. काय केलं, कधी केलं, कुठली मूठ ढकलली, देवाला ठाऊक. कारकून परत टेबलावर बसला होता.

गॅस बंद होता. शेजारच्या काकूंना फोन करून बघायला लावलं.

दर्शन झालं, प्रसाद झाला, खालच्या उरमोडी धरणाच्या पाण्याकडे बघत आईने दोन फोटो काढून घेतले. उतरताना गाडी चालू करण्याआधी मी म्हणालो, "आई, जाताना बोलत राहा काहीतरी. माझ्या वळणांसाठी बरं असतं."

जिने पन्नास वर्षांत या गोष्टीला कोणाची परवानगी मागितली नव्हती, त्या माझ्या आईने हेल्मेटची पट्टी घट्ट केली.

"नको बाबा," ती म्हणाली. "उतार आहे. तू आता नीट लक्ष देऊन चालव."

आणि पहिलं वळण येईपर्यंत ती तोंडातून शब्द काढेना.