बेलापूरच्या भिंती रंगवण्याआधी खाऱ्या वाऱ्याचा हिशेब करा

स्वच्छ सर्वेक्षणाचा हंगाम आला की आपल्याकडे भिंतींना अचानक भाव येतो. उड्डाणपुलांचे खांब, पारसिक टेकडीच्या कडेच्या संरक्षक भिंती, शाळांची कुंपणं, सगळीकडे गुलाबी फ्लेमिंगो, टोपलीवाल्या कोळिणी आणि वारलीच्या रांगा उमटतात. फोटो झकास येतात. एक-दोन पावसाळ्यांत त्याच चित्रांचे पापुद्रे सुटतात. मग कुणी चित्रकाराला नावं ठेवतं, कुणी ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणतं. माझं मत वेगळं आहे. नवी मुंबईतल्या बेलापूर-नेरूळच्या पट्ट्यातली सार्वजनिक कला पिचकाऱ्यांनी कमी आणि एस्टिमेटने जास्त मरते. कागदावर रंगाचे चौरस फूट असतात, पण समोरची खाडी आणि वरचा साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस कुठेच नसतो.

भिंतीपासून सुरू करू. चित्र समोरून फारसं खराब होत नाही. ते मागून आणि वरून खराब होतं. टेकडीलगतची भिंत माती अडवून धरते आणि तिच्या पाठीमागे चार महिने पाणी साचतं. ते बाहेर पडावं म्हणून भिंतीत जागोजाग पाइपाची भोकं ठेवलेली असतात. रंगकाम करणाऱ्याला ती चित्रात खटकतात, म्हणून तो ती सिमेंटने बुजवतो. आता पाणी जाणार कुठे? ते प्लास्टरमधून झिरपतं, येताना क्षार घेऊन येतं आणि पाणी वाळलं की रंगाच्या पापुद्र्यामागे पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, धरतो. क्षारांचे स्फटिक वाढतात तसा रंग फुगतो आणि सुटतो. अशा भिंतीवर दुप्पट महागडा रंग मारला तरी तेवढाच टिकतो. भोकं मोकळी ठेवायची आणि चित्रच त्यांच्याभोवती रचायचं, हे चित्रकाराला सहज जमतं. फक्त त्याला कुणी सांगायला हवं.

लोणा आधीच आलेला असेल तर तो धुऊ नका. पाण्यात विरघळून तो परत आत जातो. कोरड्या ब्रशने खरवडून, झाडून काढायचा. शेवाळ मात्र ब्लीचच्या पाण्याने मारायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं आणि भिंत पूर्ण सुकू द्यायची. सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. १८ इंच लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि किमान १६ तास ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर काम थांबवायचं. नवं प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस हात लावायचा नाही, कारण ताज्या सिमेंटचा अल्कली रंगाला खातो. ऑइल पेंट तर सिमेंटवर मारूच नये. अल्कलीने त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट होऊन निघतो. आधी अल्कली सहन करणारा प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या कामाच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात, एवढं पुरतं. एका लिटरमध्ये दोन हातांचं साधारण ५० ते ६० चौरस फूट होतं. म्हणजे १०० फूट लांब आणि १० फूट उंच भिंतीला १७ ते २० लिटर रंग लागतो. ठेकेदाराने १० लिटरमध्ये भागवलं असेल तर कारण शोधत बसू नका, रंगात पाणी आहे.

भिंतीच्या माथ्याकडे बहुतेक कुणी बघत नाही. माथा सपाट असेल तर धूळ बसते आणि पहिल्या सरीला तिचे काळे ओघळ चित्रावर उतरतात. माथ्याला मागच्या बाजूला उतार, पुढे दोन इंच बाहेर आलेली कोपिंग (माथ्यावरचं झाकण) आणि तिच्या पोटाला १० मिलिमीटरची खाच, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता तिथेच तुटतो. खालचा फूटभर भाग चित्रासाठी वापरूच नये. तिथे चिखल उडतो आणि पानवाल्यांची कृपाही तिथेच होते. शहाबादी लावा नाहीतर गडद पट्टा ठेवा.

रंगछटांचंही गणित आहे. स्वस्त गुलाबी आणि लाल रंगद्रव्यं उन्हात सगळ्यात आधी उडतात, म्हणजे आपला लाडका फ्लेमिंगो दोन उन्हाळ्यांत बगळा होतो. गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा हे रंग टिकतात, कारण ते बहुतांशी लोखंडाच्या किंवा तत्सम धातूंच्या ऑक्साइडचे असतात. त्या हिशेबाने गेरूवर पांढरी वारली रेघ इथे तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण डहाणू-जव्हारची चित्रभाषा आगरी-कोळ्यांच्या गावठाणाच्या भिंतीवर सरसकट छापण्यात काय हशील, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. इथल्या मिठागरांचे चौकोन, जाळी, होड्यांच्या नाळेवरची नक्षी हे सगळं त्याच चार टिकाऊ रंगांत बसतं.

आता चौकाचौकांतल्या पुतळ्यांकडे वळू. ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि आपण ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेऊ लागलो. साहजिकच धातूचे, फायबरचे, भंगारातले फ्लेमिंगो उभे राहिले. घडवायला याहून अवघड पक्षी नाही, कारण सगळा भार एका किंवा दोन काड्यांवर. भारतीय मानकानुसार मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्या वेगाला एका चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा रेटा बसतो. पंख पसरलेल्या पक्ष्याचं अंग तेवढं सहज भरतं, आणि अडीच मीटर उंचीवरून तो रेटा पाय मुळातून उपटू बघतो. म्हणून पायाची जाडी डोळ्यांना बरी दिसते म्हणून ठरवायची नसते, स्ट्रक्चरल इंजिनीअरने मोजून द्यायची असते.

आणि मोडतो तो पाय मुळाशीच. पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडला की दोघांच्या सांध्यात बारीक फट राहते, तिथे खारं पाणी थांबतं आणि गंज आत शिरतो. वरून रंग नवाकोरा, आतून पाइप चाळणी. उपाय सोपा आहे. चौथरा जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर वर घ्यायचा, त्याला चारही बाजूंना उतार द्यायचा, पायाखाली जाड बेसप्लेट घ्यायची आणि ती ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने बसवायची. प्लेट साध्या लोखंडाची असेल तर मध्ये नायलॉनचे वॉशर हवेत, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत लोखंड लवकर खाल्लं जातं. पोकळ पाइपाच्या तळाला पाणी निघायला भोक ठेवायचं.

स्टेनलेस म्हटलं की आपण निश्चिंत होतो, तिथेही मेख आहे. रेलिंगला सर्रास वापरतात ते ३०४. खाडीकाठी त्यावर चहासारखे तपकिरी डाग पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच क्लोराइडला तोंड देतं. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही, कोणी तसं दाखवत असेल तर हसून सोडा. मिलचं, म्हणजे पोलाद कारखान्याचं, प्रमाणपत्र मागा किंवा एक्स-रे तपासणीचं यंत्र लावायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक उलटी वाटणारी गोष्ट म्हणजे पावसात उघडा पडणारा भाग कमी गंजतो आणि आडोशाचा भाग जास्त. उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. पोटाखाली, पंखाआड, छपराच्या आतल्या बाजूला ते वर्षभर साचत राहतं. पाहणीला जाणारा अभियंता पुतळ्याच्या तोंडाकडे बघून शेरा मारतो, खरं तर त्याने खाली वाकायला हवं. गोड्या पाण्याने वर्षातून तीन-चार वेळा आडोसे धुतले तरी आयुष्य कितीतरी वाढतं, आणि टँकरवाला दुभाजकाच्या झाडांना पाणी घालायला तसाही येतोच.

‘टाकाऊतून टिकाऊ’ या प्रकाराबद्दल मी थोडा कडवट आहे. साखळ्या, गिअर, सायकलची चाकं वेल्ड करून केलेलं शिल्प सभागृहात अप्रतिम दिसतं. बाहेर ठेवलं की त्याच्या शेकडो फटी म्हणजे गंजाची शेकडो घरं, जिथे ना सँडब्लास्टिंग पोचत ना ब्रश. नीट करायचंच असेल तर तुकड्यातुकड्यांत गरम झिंकच्या टाकीत बुडवून गॅल्व्हनाइझ करा आणि बंद पोकळ्यांना आधी भोकं पाडा. टाकीचं तापमान ४५० अंशांच्या आसपास असतं, बंद पाइपातली हवा आणि ओल तिथे स्फोट करते. साध्या लोखंडी पत्र्याच्या कामाला झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर, मध्ये इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन, मिळून २५० मायक्रॉनच्या आसपास जाडी हवी. ती मोजायचं यंत्र खिशात मावतं. फायबरचं काम गंजत नाही, पण त्याच्या आतला लोखंडी सांगाडा गंजतो, आणि वरच्या खळग्यांत पाणी साठून डेंग्यूच्या डासांची सोय होते ती वेगळीच.

वास्तूंनाही हीच परीक्षा. पाम बीच रस्त्याच्या टोकाला किल्ले गावठाणाजवळ उभं असलेलं महापालिकेचं मुख्यालय, हितेन सेठी यांनी आखलेलं, २०१४ पासून वापरात आलेलं, घुमट-खांबांचं भव्य काम. आवडीनिवडीचा वाद बाजूला ठेवू. एवढी पांढरी आणि काचेची इमारत खाडीकाठी राखायची म्हणजे धुणं, सीलंट बदलणं हा कायमचा खर्च आहे, आणि तो त्या दिमाखाची किंमत म्हणून दरवर्षी अंदाजपत्रकात दिसायला हवा. त्याच गावठाणातल्या जुन्या किल्ल्याच्या अवशेषांचं दुखणं उलटं. काळा दगड शतकानुशतकं टिकतो, दगडांमधल्या दरजा जातात. त्या सिमेंटने भरल्या की ओल आणि मीठ आत कोंडतं. तिथे चुनाच हवा, आणि चुन्यावर हात बसलेला गवंडीही.

पण बेलापुरातली सगळ्यात मोठी सार्वजनिक कलाकृती चौथऱ्यावर नाही आणि तिच्यावर रोषणाईही नाही. सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना १९६० च्या दशकात मांडणाऱ्या तिघांपैकी एक चार्ल्स कोरिया, बाकीचे दोघे प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, कोरिया तिचे पहिले मुख्य वास्तुरचनाकार झाले, आणि पुढे १९८३ ते १९८६ मध्ये त्यांनी ही वसाहत केली. सुमारे ५.४ हेक्टरवर साडेपाचशे कुटुंबं. टॉवर एकही नाही. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे गरीब आणि सुस्थितीतल्या घरांच्या जमिनीत फार तफावत नाही. सात घरांमध्ये एक ८ बाय ८ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून २१ घरांना १२ बाय १२ चा मोठा चौक. त्यांचे तीन मिळून २० बाय २० चं मोकळं आवार. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटत नाही, त्यामुळे प्रत्येकाला पुढे आपापलं वाढवता येतं. संडास मात्र जोडीजोडीने, म्हणजे नळाचा खर्च वाचतो. कौलारू उतरती छपरं, व्हरांडे, पांढरा चुना, गावातल्या गवंड्याला जमेल असं सगळं.

आज तिथली बरीच घरं पाडून काँक्रीटची दोन-तीन मजली झाली आहेत आणि वास्तुकलेचे विद्यार्थी फोटो काढताना हळहळतात. ती हळहळ मला अर्धीच पटते. घर वाढावं, बदलावं हाच मूळ आराखड्याचा गाभा होता. खरं नुकसान चौकांचं होतंय. साडेचार मीटर लांबीच्या दोन गाड्या उभ्या केल्या, त्या वळवायला जागा सोडली, की ८ मीटरचा चौक संपला. मातीवर पेव्हर ब्लॉक बसवले की ८० मिलिमीटरचा ब्लॉक आणि खाली ५० मिलिमीटरची वाळू, म्हणजे जमीन एका झटक्यात पाच इंच वर. बाहेरचा रस्ता न खरवडता डांबराचे थर चढवत गेलं की तोही वर. नवं घर बांधणारा शहाणा असतो, तो जोतं तीन फूट घेतो. मग पाणी शिरतं ते न बदललेल्या जुन्या, बसक्या घरात. हिशेब करून बघा: १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६४ चौरस मीटरच्या चौकात ६,४०० लिटर पाणी उतरतं, आणि भोवतीच्या सात छपरांचं, प्रत्येकी ४० चौरस मीटर धरलं तरी, आणखी २८,००० लिटर. माती त्यातलं काही पिते. ब्लॉक जवळजवळ काहीच पीत नाही. मूळ कोरियांची घरं टिकावीत असं कुणाला मनापासून वाटत असेल तर त्याने आधी चौकांची पातळी गोठवावी, ब्लॉक बसवायचेच तर माती तेवढी खोदून बसवावेत.

पुन्हा बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. किनारी हवेतल्या उघड्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात किमान एम-३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, सांगितलं आहे. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या ‘जेएन टाइप’ इमारतींत स्लॅबची खपली पडण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं ऐकूनही इथे २०-२५ मिलिमीटरवर काम उरकलेलं दिसतं. गंजलेली सळई मूळच्या कित्येक पट जागा मागते आणि काँक्रीट फोडून ती मिळवते.

तर मागणी काय? कलेच्या प्रत्येक निविदेत दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, निदान तीन पावसाळ्यांचा असावा. माझ्या मते एकूण रकमेतला पाचवा हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवावा. भिंतीचं काम ऑक्टोबरअखेर ते मार्च एवढ्यातच व्हावं. आणि चित्र पुसण्याआधी चित्रकाराला कळवावं. अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं, त्याची हेळसांड झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कलाकाराच्या बाजूने निकाल देऊन पाच लाखांची भरपाई द्यायला लावली होती. कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम त्यासाठीच आहे.

तुमच्या चौकातल्या पुतळ्याबद्दल किंवा भिंतीबद्दल हे विचारायचं असेल तर महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे नेमकं मागा: मंजूर अंदाजपत्रकाची प्रत, रंगाच्या थरांचं किंवा धातूच्या प्रतीचं विवरण, सामग्रीची प्रमाणपत्रं, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख. ही शेवटची तारीख आधी बघा. ती उलटून गेली नसेल तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराचा आहे.