चार महिन्यांचं वर्ष

थायलंडमध्ये निवृत्तांचा मुक्काम दरवर्षी वर्षभराने वाढवून मिळतो, हे वाक्य अर्धंच खरं. पन्नाशी उलटलेली असो, बँकेत ८ लाख बाट असोत, मुदतवाढीचा टीएम ७ फॉर्म मोत्यासारख्या अक्षरात भरलेला असो, ४ बाय ६ सेंटिमीटरच्या फोटोत आपण बऱ्यापैकी माणसासारखे दिसत असू. इमिग्रेशन कार्यालयातला खिडकीपलीकडचा साहेब पासपोर्ट संपण्याची तारीखही बघणारच. मुक्कामाला चार महिने पुरेल एवढाच पासपोर्ट उरला असेल, तर शिक्का चार महिन्यांचा. फी मात्र अख्खी १,९०० बाट. म्हणजे महिन्याला साधारण १५८ बाट पडायचे, ते ४७५ पडले. साहेबाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, पासपोर्टच्या पुढची तारीख त्यालाही मारता येत नाही.

बरं, पैसे गेले तर गेले. खरी गंमत त्या ८ लाखांची होते. ही रक्कम अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात हलवायची नाही. पुढे ती ४ लाखांपर्यंत खाली आणता येते, तेवढाच काय तो श्वास. चार महिन्यांच्या शिक्क्यात मंजुरीनंतरचे तीन संपायच्या आतच पुढच्या अर्जाआधीचे दोन सुरू होतात. पैसे आपले, पण दर्शन फक्त पासबुकात!

कित्येकांची समजूत असते की नवा पासपोर्ट आला की राहिलेले आठ महिने त्याच्या मागोमाग येतील. कसले येतायत! जुन्या पासपोर्टातला शिक्का नव्यात उतरवून देतात तो जुन्याच तारखेचा. बाकीच्या महिन्यांसाठी नवा अर्ज, नवे फोटो, बँकेचं ताजं पत्र आणि पुन्हा १,९०० बाट.

म्हणून पासपोर्ट आधी करावा. इथे एक बारीक खोच आहे. अर्ज साधारण शेवटच्या तीस दिवसांत देतात, पण नवं वर्ष मोजतात ते जुना शिक्का संपतो तिथपासून, अर्जाच्या दिवसापासून नव्हे. तेव्हा अर्जाच्या दिवशी पासपोर्टला बारा नव्हे, तेरा महिने हवेत. भारतीय पासपोर्ट मुदत संपण्याआधी वर्षभरातच नव्याने काढता येतो. त्यामुळे साडेबारा महिने उरलेला पासपोर्ट म्हणजे धड ना म्हातारा, धड ना तरुण. अशा वेळी पंधरवड्याचा तोटा मुकाट्याने सोसावा. तारीख त्याहून जवळ असेल तर मात्र ‘अजून चांगला आहे की’ म्हणत बसू नये. फाटेपर्यंत पायपुसणं वापरण्याची आपली सवय इथे महागात पडते.

नवा पासपोर्ट आल्यावर शिक्के उतरवून घ्यायला जाताना दोन्ही पासपोर्ट न्यावेत. फोटोची पानं, मूळ व्हिसा, शेवटची मुदतवाढ, शेवटचा प्रवेशाचा शिक्का, परत येण्याचा परवाना, या सगळ्यांच्या झेरॉक्स काढून प्रत्येकीवर सही करावी. काही कार्यालयं दूतावासाचं पत्रही मागतात, तेव्हा आधी विचारलेलं बरं. परत येण्याचा परवाना, एका फेरीचा १,००० आणि अनेक फेऱ्यांचा ३,८०० बाट, मुदतवाढीच्या तारखेपलीकडे चालत नाही. चार महिन्यांच्या शिक्क्यावर ३,८०० भरणाऱ्याच्या दानशूरपणाला नमस्कार. पण परवान्याशिवाय देश सोडला तर मुदतवाढच संपते, आणि मग सगळं पहिल्यापासून.

बँकेत अजून जुनाच पासपोर्ट नंबर असतो, तोही बदलून घ्यावा. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवावा लागतो, त्या हजेरीला नव्या पासपोर्टनंतर पहिल्यांदा स्वतः जावं, ऑनलाइन बहुधा ओळख देत नाही. ठरल्या दिवसाच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत चालतं. आठव्या दिवसापासून २,००० बाट दंड.

जुना पासपोर्ट मात्र फेकू नये. मूळ व्हिसा त्यातच असतो, म्हणून नव्याबरोबर रबरबँडने बांधून विमानतळापर्यंत न्यायचा. रद्द होऊन, कोपरा कापला जाऊनही त्याची ड्यूटी चालूच. निवृत्ती फक्त आपली.