पुसट पाटी पुसटच राहू द्या

प्रवासात माझ्यामुळे सोबतचे वैतागतात. सगळे ठरलेला 'पॉइंट' गाठायला पुढे निघालेले असतात आणि मी मागे, कुठल्यातरी भिंतीकडे मान वर करून उभा.

मागच्या प्रवासात अशीच एक भिंत सापडली. पाऊस नुकताच थांबलेला. ओल्या विटांवर पांढरी अक्षरं वर आली होती आणि त्यांच्या आडून त्याहून जुनी जाहिरात डोकावत होती. वर साबण, खाली बहुतेक शिवणयंत्र. दोन्ही एकमेकांत अशी घुसलेली, की मला सरळ 'साबणयंत्र' वाचता आलं! पूर्वी रंगाऱ्यांच्या रंगात शिशाचा सफेदा आणि जवसाचं तेल असायचं, ते भिंतीला घट्ट धरून बसतं. (शिसं विषारी, त्यामुळे नखाने खरवडून बघू नका.)

इनॅमलच्या पाट्यांची तऱ्हा वेगळी. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड साधारण 800 अंश सेल्सिअसला वितळवलेली असते. रंग म्हणजे काचच, म्हणून उन्हाने विटत नाही. पाटीचा घात होतो तो स्क्रूच्या भोकापाशी. तिथला टवका उडाला की गंज आत शिरलाच.

आता माझं भांडण. कुणीतरी हौशी माणूस येतो, पुसट अक्षरं चकचकीत तेलरंगाने गिरवतो आणि पाटी 'वाचवली' म्हणतो. कसली वाचवली? रंगाऱ्याचा हातच गेला ना त्यातून! हॉलिवूडची ती जगप्रसिद्ध अक्षरं घ्या. 1923 साली उभी राहिली ती जमीन विकण्याची जाहिरात म्हणून, तेव्हा शब्द होता 'हॉलिवूडलँड'. 1949 मध्ये 'लँड' काढला. आणि लोक ज्यांच्यासोबत फोटो काढतात ती अक्षरं 1978 ची, नवी बनवलेली. तिथे जुनं कोसळायला आलं होतं, मान्य. पण धडधाकट भिंतीवर कुंचला कशाला? पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या भिंतींवर 'अमक्याला निवडून द्या' असे रंगवलेले मजकूर सापडले, ते इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले म्हणून. नाहीतर पुढच्या निवडणुकीत त्यांच्यावर चुना फिरलाच असता.

दुसऱ्या दिवशी सोबतच्यांना हट्टाने त्या भिंतीपाशी नेलं. कडक ऊन. "कुठेय?" म्हणाले. मी बाटलीतलं पाणी भिंतीवर मारलं. 'साब' एवढंच उमटलं, तेही हात पोचला तिथपर्यंत.